प्रथिनांबरोबर बुरशीचे विषही तिप्पट होते

मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, म्हणजे डीडीजीएस, जनावरांच्या खाद्यात सरकी पेंडीला 'स्वस्त आणि निर्धोक' पर्याय असल्याचे लेखात म्हटले आहे. त्यातील 'निर्धोक' हा शब्द मला मान्य नाही. इथेनॉलसाठी मका आंबवताना, म्हणजे किण्वनात, त्यातील स्टार्च निघून जातो आणि प्रथिनांचे प्रमाण 8-9 टक्क्यांवरून 27 ते 30 टक्क्यांपर्यंत जाते, हे खरेच. पण त्याच हिशेबाने दाण्यात आधीपासून असलेले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विषही सुमारे तिपटीने वाढते, कारण किण्वनाने ते नष्ट होत नाही. गाईच्या पोटातून त्याचा काही अंश एम1 या रूपात दुधात उतरतो, आणि दुधात त्याची कायदेशीर मर्यादा किलोला अवघी 0.5 मायक्रोग्रॅम आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गोठ्यावर आलेली दोन पोती फोडली, तेव्हा माल सोनेरी पिवळा नसून काळपट तपकिरी होता, तळाशी गोळे धरले होते आणि करपट वास येत होता. असा जादा तापलेला माल कागदावर प्रथिने तेवढीच दाखवतो, पण ती जनावराच्या अंगी पुरती लागत नाहीत. विक्रेत्याकडे अफ्लाटॉक्सिनच्या तपासणीचा दाखला मागितला, तर त्याच्याजवळ फक्त प्रथिनांचा होता. ती पोती मी आंबोणात घातली नाहीत, परत पाठवली.