आंबा, खुर्ची आणि तिसरं काहीतरी

रात्री आठपासून पोटात अन्न नाही, सकाळचा चहा नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी कोलेस्टेरॉल आणि स्मरणशक्तीची फुकट तपासणी होती आणि बायकोने माझं नाव मला न विचारता देऊन टाकलं होतं. (साध्या तपासणीला हल्ली बहुतेकदा उपास लागत नाही, हे मला रक्त देऊन झाल्यावर कळलं.)

कोपरात कापूस दाबून दुसऱ्या टेबलापाशी गेलो. तिथली मुलगी माझ्या नातीएवढी. "आजोबा, तीन शब्द लक्षात ठेवायचे हं! आंबा, खुर्ची, किल्ली." सूर असा, की मी बहिराही आहे आणि बालवाडीतही. "आता शंभरातून सात-सात वजा करा."

माझ्यामागे तळमजल्यावरचे कॅशियरसाहेब उभे होते. जन्मभर बँकेत नोटा मोजलेला माणूस. मी "त्र्याण्णव" म्हणतोय तोच मागून आलं, "शहाऐंशी!"

"काका, तुम्ही नका ना सांगू."

"सांगत नाहीये, टॅली करतोय. एकोणऐंशी! बहात्तर! पासष्ट! अहो, एवढ्याला घाम कसला फुटतो?"

मग घड्याळ काढायचं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. "मोठा काटा दोनवर! दोनवर!" शेवटी मुलीने ते तीन शब्द विचारले. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "आंबा! हापूस!" सकाळपासून उपाशी माणसापुढे हापूस काढल्यावर त्याच्या डोक्यात खुर्ची आणि किल्ली राहतील का? माझे गुण कापले. त्यांचे नाहीत.

वर सल्ला. "कोलेस्टेरॉलची गोळी मुळीच घेऊ नका. मेंदू त्याचाच असतो, विरघळेल."

शरीरातलं जवळजवळ पाव कोलेस्टेरॉल मेंदूत असतं, हे खरं आहे. पण ते मेंदू स्वतःच तयार करतो. रक्तातलं तिकडे जवळपास पोचतच नाही. मी हे सांगितलं, तर म्हणाले, "मग मेंदूसाठी दंडातून रक्त कशाला दिलंत?"

संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. एलडीएल, म्हणजे ते 'वाईट' कोलेस्टेरॉल, 162. डॉक्टर म्हणाले, 2024 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत वाढलेलं एलडीएलही धरलं, पण ते मध्यमवयातलं. सत्तरीत आकड्याचा आणि आठवणीचा संबंध इतका सरळ नाही. गोळी घ्यायची ती हृदयासाठी.

मध्यमवयात मी रोज कॅन्टीनचे दोन वडे खाऊन लोकलला लटकत होतो, तेव्हा रक्त काढायला कुणी का आलं नाही? तेव्हा हप्ते फेडायचे होते, तब्येत विचारायची नव्हती. आता वरणावरचं चमचाभर तूपही गेलं.

रात्री साडेनऊला फोन. कॅशियरसाहेब. आवाज एकदम खाली.

"अहो, आंबा, खुर्ची... तिसरं काय होतं हो?"

मला आठवत होतं. सांगितलं नाही.