डॉक्युमेंटेशन सजवा, वाचू नका

प्रोजेक्टमध्ये नवे आहात, कोडमधलं ओ की ठो कळत नाही, पण योगदान तर दिसलं पाहिजे? मग डॉक्युमेंटेशनचं फॉरमॅटिंग सुधारायला घ्या. त्यासाठी कोड कळावा लागत नाही. डॉक्युमेंटेशनही वाचावं लागत नाही.

एखाद्या स्वल्पविरामावर समाधान मानू नका. अख्खी फाइल घ्या आणि प्रत्येक ओळ ८० अक्षरांवर मोडा. शेकडो ओळींचा बदल पाहून रिव्ह्यू करणारा दोनदा स्क्रोल करेल, 'एलजीटीएम' ('लुक्स गुड टू मी', म्हणजे 'मला ठीक वाटतंय') लिहील आणि जेवायला जाईल. त्या गर्दीत ८०८० पोर्टचा ८००८ झाला तरी कुणाला दिसायचा नाही. पुढे चुकीचा धनी शोधायला कुणी 'गिट ब्लेम' (कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड) चालवलं की ओळीओळीवर तुमचंच नाव झळकेल. (निव्वळ स्पेसचे बदल वगळायची सोय गिटमध्ये आहे, पण ओळीच नव्याने मोडल्या की तीही हात टेकते. निश्चिंत राहा.)

कमांड्स मात्र वर्डमधून फिरवून आणाच. सरळ अवतरणचिन्हं छान वळणदार होतात आणि पर्यायापूर्वीच्या दोन छोट्या रेघांची एक ऐटदार लांब रेघ होते. शेलला, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, ही चिन्हं ओळखता येत नाहीत, हा शेलचा अडाणीपणा. कमांड कॉपी करणाऱ्या नवख्याला तर वाटेल, आपलंच काहीतरी चुकलं. मार्कडाउन या फॉरमॅटची सवय असेल तर रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या दुसऱ्या फॉरमॅटमध्येही कोडभोवती एकच बॅकटिक (` हे चिन्ह) वापरा. तिथे कोडसाठी दोन लागतात. एकाने बहुधा अक्षरं नुसती तिरकी होतात. तिरकी कमांडही शोभून दिसते.

परंपरा तुमच्या पाठीशी आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्स योगदानाच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात, चार पुल रिक्वेस्टवर (बदल स्वीकारा अशा विनंत्यांवर) टी-शर्ट मिळत होता, तेव्हा अनोळखी प्रोजेक्टांच्या रीडमीत (ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये) 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढंच खुपसणाऱ्यांची झुंबड उडाली. शेवटी ऐन ऑक्टोबरात आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रोजेक्टांनी स्वतःहून होकार दिलाय, तिथलंच योगदान मोजायचं. गुणग्राहकता कमी, दुसरं काय!

आता एक अवघड प्रसंग. इन्स्टॉलेशनच्या पानावर 'पायथन २.७ आवश्यक' असं लिहिलेलं आहे. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला, आणि ती ओळ बदला म्हणून कुणीतरी इश्यू (तक्रारीची नोंद) टाकलाय. गडबडू नका. '२.७' कोडच्या फॉन्टमध्ये टाका, 'आवश्यक' ठळक करा, पुढचा पूर्णविराम चिकटवून घ्या आणि इश्यू 'फिक्स्ड' म्हणून बंद करा.