शिकवायचं खात्याने, न्यायचं कंपनीने

एखाद्या पोलिसाला लोकांच्या पैशातून सायबर फॉरेन्सिक शिकवायचं, डिलीट केलेला डेटा परत काढण्यापासून क्रिप्टोचा माग काढण्यापर्यंत सगळं, आणि तो जरा तयार झाला की बदली, कुठे तर बंदोबस्ताला! मग तो वैतागून कुठल्यातरी बँकेत नाहीतर कन्सल्टन्सीत जातो आणि वरचे म्हणतात हल्लीच्या पोरांना सेवाभावच नाही. अरे पण पगार ठरतो रँकवर, कौशल्याला वेगळी दमडी नाही, आणि प्रमोशन हवं तर लॅब सोडून फायलींवर सह्या करा. इतकी वर्षं नोकरी सोडणार नाही असा बॉन्ड लिहून घेतला की माणूस टिकतो म्हणे. टिकतो ना, बॉन्ड संपेपर्यंत! तोवर जप्त केलेले मोबाईल कपाटात पडून, केस लटकलेली, आणि नव्या माणसाचं ट्रेनिंग परत पहिल्यापासून.