आजीला कशाला ओरडता?

डोकं फिरलंय आज, त्यामुळे लांबड लागणार. शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलाने सगळ्यांदेखत विचारलं, "आई, तुझं लक्ष कुठे होतं?" का, तर पाच वर्षांचा नातू टीव्हीवर कार्टून बघत होता, एक संपलं की पुढचं आपोआप लागत गेलं आणि शेवटी अस्वल सशाला सुरीने कापायला लागलं. पोरगं आता एकटं संडासलाही जात नाही. लक्ष कुठे होतं म्हणे! कुकरकडे होतं, तुझ्याच डब्यासाठी!

आणि हे घर स्मार्ट केलं कुणी? काकूंना दिवा लावायला बटण पुरत होतं. टीव्ही तू आणलास, बोलका स्पीकर तू आणलास, बसवायला आलेला पोरगा वायफाय जोडून, चहा पिऊन गेला, आणि लॉगिन तुझं. म्हणजे रात्री तू बघतोस ते खून-मुडदे आणि सकाळची बडबडगीतं एकाच पंगतीत. नातवाला वाचता येत नाही पण रिमोटचा माईक दाबून बोलता येतं, तेवढं बास झालं.

कायदे आहेत, मान्य. २०२१च्या आयटी नियमांनी ओटीटीवाल्यांना १३+ पासून पुढच्या गोष्टींना पॅरेंटल लॉकची सोय द्यायला लावलीय, पण तो लावायचा कुणी, काकूंनी? शिवाय कुणीही उठून अपलोड केलेल्या कार्टूनला ते वर्गीकरण लागूच होत नाही. २०२३चा डेटा कायदा मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो, पण बापाच्या अकाउंटवर पोरगं बसलंय हे समोरच्याला कळणार कसं? आणि स्पीकर गरीब बिचारा वाटत असेल तर, २०२१मध्येच अमेरिकेत अलेक्साने दहा वर्षांच्या मुलीला अर्धवट खोचलेल्या प्लगच्या पिनांना नाणं लावायचं चॅलेंज दिलं होतं. आई शेजारी होती म्हणून निभावलं. कंपनीने नंतर दुरुस्त केलं, ठीक आहे.

काकूंनी मधे एकदा डोकवायला हवं होतं, हो. यापलीकडे मी काही कबूल करणार नाही.

मुलगा वाईट नाही हो. दमून येतो, हप्ते आहेत, पोराला असं घाबरलेलं बघून त्याचंही धाबं दणाणलं असणार. पण मुलांचं वेगळं प्रोफाइल, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन (१२३४ नको रे बाबांनो), ऑटोप्ले बंद, हे चहा गार व्हायच्या आत होतं. टीव्ही घेताना पॅनलवर महिनाभर रिसर्च करता ना?

आता काकू सरळ भिंतीवरचं बटण बंद करतात आणि नातवाला घेऊन खाली पार्किंगमध्ये बसतात. तर कालपासून नवीन तक्रार, "आई, सारखं बंद करू नकोस, टीव्ही खराब होईल."