चपलेसाठी पेटलेलं कोल्हापूर कोयत्यासाठी कधी पेटणार?

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं आपली चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव कुठंच घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो! मीही चिडले. स्टेटस ठेवले, पोस्ट शेअर केल्या. चप्पल शिवणाऱ्या कारागिराच्या हातात शेवटी किती पडतात, यावर कोल्हापुरात घराघरांत बोलणं झालं. व्हायलाच हवं होतं. पण तेव्हापासून एक गोष्ट मला टोचते आहे. हाच प्रश्न आपण आपल्या शिवारात कधी विचारला?

मी शिरोळ तालुक्यातली. घरचा तीन एकर ऊस. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला आमच्या घरातून कुणीतरी जातंच. दरासाठी आमची माणसं रस्त्यावर बसलेली आहेत. एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, उतारा म्हणजे उसातून निघणारी साखर, वजनाचा काटा, सगळं तोंडपाठ. 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, हे आमच्याकडं शाळकरी पोरगंही सांगेल. पण तोच ऊस तोडणाऱ्याला टनाला काय मिळतं, असं एकदा जेवताना विचारलं तर कुणालाच सांगता येईना. मलाही नाही.

मग माहिती काढली. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. ती होऊनही टनाला 366 रुपयांच्या आसपास. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एका कोयत्याला दिवसाकाठी दीड-दोन टन जमतो. म्हणजे पहाटेच्या अंधारापासून दोन माणसं राबली की साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये, दोघांत मिळून. तेही रोख हातात येत नाहीत, दसऱ्याच्या आधी घेतलेल्या उचलीत, म्हणजे आगाऊ रकमेत, वळते होतात. एखादा दिवस आजारपणात गेला की खाडा.

गेल्या हंगामात आमच्या फडात मुकादमानं, म्हणजे मजूर पुरवणाऱ्यानं, आणलेली बीडकडची टोळी होती. त्यातली एक पोरगी, असेल पंचविशीची, विहिरीवर पाणी मागायला आली. तिनं हातांत पायमोजे घातले होते, बोटांच्या जागी भोकं पाडून. पाल्यानं हात चिरतात म्हणून. मोजे काढून तिनं ओंजळ केली तर तळव्यापासून कोपरापर्यंत बारीक बारीक रेघा. मी विचारलं, "आज किती टन भरला गं?" म्हणाली, "ते मुकादमाला ठावं, काकू." पोटाला रुमाल घट्ट बांधला होता. काय झालंय, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कारण 2019 मध्ये सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीचे आकडे मी वाचलेले होते. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आपल्या चहातल्या साखरेमागचा हा आकडा आहे. तो वाचला त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

आता गावातले लोक म्हणतील, यांची बाजू घेतेस, मग तोडणीवाले शेतकऱ्याकडून वरचे पैसे मागतात त्या खुशालीचं काय? खुशालीचा राग मलाही येतो. पैसे दिले नाहीत तर फड पडून राहतो, ऊस वाळतो, वजन घटतं. उचल घेऊन पळालेल्या मुकादमांमुळं कर्जात बुडालेले ट्रॅक्टरवाले आपल्याच गावात आहेत. हे सगळं खरं आहे. पण उघड्यावर अंघोळ करणाऱ्या त्या पोरीचा यात काय गुन्हा? शेतकरी आणि तोडणी कामगार एकमेकांच्या गळ्याशी येतात, आणि दोघांचा माल स्वस्तात घेणारा आपला मोकळाच राहतो.

भाची परदेशातून आली तेव्हा चॉकलेटवर फेअरट्रेडचा, म्हणजे उत्पादकाला रास्त मोबदला देण्याच्या पद्धतीचा, निळा-हिरवा शिक्का दाखवत होती. 1988 साली नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीपासून ही पद्धत सुरू झाली. बऱ्याच मालाला किमान भाव ठरलेला असतो, आणि वर प्रीमियम मिळतो, तो कशावर खर्च करायचा हे उत्पादकच ठरवतात. साखरेला मात्र तिथंही किमान भाव नाही, फक्त टनामागं 60 डॉलर प्रीमियम. म्हणजे नुसत्या शिक्क्यानं सगळं सुटेल असं मी मानत नाही. पण तिथलं गिऱ्हाईक दुकानात उभं राहून विचारतं तरी, की हे कुणी पिकवलं, त्याला काय मिळालं? आपल्या गुळाला 2014 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, चपलेला 2019 मध्ये. त्यातून माल कुठला ते कळतं. राबणाऱ्याला काय मिळालं, ते त्यातून कळत नाही.

शाहूपुरीत गूळ घेताना, गुऱ्हाळावर काकवी घेताना विचारा. चुलवाणापुढं दिवसभर चिपाडं सारणाऱ्याला हजेरी किती देता, म्हणून विचारा. दुकानदार पहिल्यांदा हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की मालकाला निरोप देईल. कारखान्याचे सभासद असाल तर वार्षिक सभेत उठून विचारा, की टोळीतल्या प्रत्येक कोयत्याला त्याच्या नावानं टनाची आणि कपातीची पावती का मिळत नाही? टोळी उतरते त्या तळावर पाणी, दिवा आणि दाराचा संडास का नाही? दरासाठी माइक हिसकावून घेणारी माणसं आहोत आपण, एवढं विचारायला काय जातंय?

शेतकऱ्याला आता प्रत्येक खेपेच्या वजनाचा मेसेज मोबाइलवर येतो. ती पोरगी विहिरीवर आली त्या रात्री पहिल्या खेपेचा आला, तो घेऊन मी तिच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, गेले. 18 टन 640 किलो. टोळीत नऊ कोयते. तिचा पोरगा तिसरीतला, शाळा सोडून इथं आलेला. त्यानं वहीत आकडा लिहिला आणि कंदिलाच्या उजेडात नवानं भागायला बसला. त्याला भागाकार येईना, मग आम्ही दोघांनी मिळून केला. दोन टनांच्या वर जरासा. ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडं बघत होती. म्हणाली, "पुढची खेप गेली की सांगाल का, काकू?"

आमच्या फडातून सहा खेपा गेल्या. सहाही वजनं त्या वहीत आहेत.