हुं करतोय, फिरत नाही

परवा संध्याकाळी मी आमच्या ड्राय बाल्कनीत उकिडवा बसून परातीतलं गढूळ पाणी बादलीत ओतत होतो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या अप्पांनी मला विचारलं, "पण मग प्रोफेसर, कॉलेजात तुम्ही शिकवता तरी काय?"

प्रश्न कुत्सित असता तर मी सोडून दिला असता. कुत्सित प्रश्नांना पुण्यात आपण सरावलेले असतो. पण अप्पांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि ते मला अजून डाचतंय.

मी इलेक्ट्रिकल मशीन्स शिकवतो. बावीस वर्षं तेच शिकवतोय. आणि आमचं वॉशिंग मशीन गेल्या बुधवारी पोटात पाणी आणि माझे पाच शर्ट घेऊन बंद पडलं. पाणी टाकेना, दार उघडू देईना. स्क्रीनवर 'ई' आणि पुढे दोन आकडे. कंपनीचा माणूस आला, त्यानं मशीनला बोट न लावता मोबाइलमध्ये पाहिलं, "पीसीबी गेलाय" म्हणाला (पीसीबी म्हणजे मशीनचा मेंदू, सर्किटची पाटी), ९,४०० रुपयांचं कोटेशन आणि ६०० रुपयांची व्हिजिटची पावती देऊन गेला. मी वाद घातला नाही. कारण माझंही निदान तेच होतं. विजेच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ब्लॉक डायग्रॅम काढला होता: पाण्याची पातळी ओळखणारा प्रेशर सेन्सर, त्याला जोडलेली हवेची नळी, तिथून पीसीबी, पीसीबीकडून पंप. बाण वगैरे सगळं. बायकोनं तो चष्मा लावून पाहिला, "छान आलाय" म्हणाली आणि भाजीवाल्याकडून मिस्त्रीचा नंबर घेऊन आली.

भाजीवाल्याकडून. असो.

मिस्त्री सहा वाजता आला आणि त्याच्या पाठोपाठ, दार लागायच्या आत, अप्पा. अप्पा पोस्टातून निवृत्त झाले त्याला आता पंधरा वर्षं झाली, पण माणूस समोर आला की त्याला रांगेत उभं करायची सवय गेलेली नाही. त्यांच्या छताला पोपडे धरलेत आणि ते आमच्या मशीनमुळेच धरलेत हे सांगायला ते आले होते. पण पाने-पकडीची पिशवी उघडलेली पाहून त्यांनी तक्रार बाजूला ठेवली आणि आंघोळीचं प्लॅस्टिकचं स्टूल ओढून दारातच बसले. आता त्यांना ओलांडल्याशिवाय कोणाला आत येता येईना की बाहेर जाता येईना. चहा त्यांच्या हातूनच आत आला, आणि एक कप वाटेतच थांबला.

मिस्त्रीनं काय केलं? मशीन चालू केलं, नुसतं ड्रेनवर लावलं आणि खालच्या कोपऱ्याजवळ पत्र्याला तळहात टेकवून अर्धा मिनिट गप्प बसला. तापलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते तसा.

"हुं करतोय," तो म्हणाला. "फिरत नाही."

"पीसीबी गेलाय ना?" मी विचारलं. खरं म्हणजे सांगितलं.

"पीसीबी गेला असता तर हुं कोण करतंय, सर? करंट येतोय म्हणून तर हुं करतोय. पंप गुंतलाय."

अप्पांनी आधी मिस्त्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आता हे नीट सांगायलाच हवं, कारण माझी खरी जखम इथे आहे. तो हुंकार मी चार दिवस ऐकत होतो. नुसता ऐकत नव्हतो, तो कशाचा आहे हेही मला माहीत होतं. आपल्या घरात वीज ५० हर्ट्झची येते, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं, आणि चुंबकाची ओढही तिच्याच तालावर उलटसुलट होते, म्हणून तो आवाज. या मशीनमधला पाणी फेकणारा पंप म्हणजे पोटात चुंबक घातलेली, विजेच्या तालावरच फिरणारी छोटी सिंक्रोनस मोटर असते. तिला अडवलं की ती जळफळत नाही, नुसती जागच्या जागी थरथरत कण्हते. 'सिंक्रोनस मोटर सेल्फ-स्टार्टिंग का नसते? आकृतीसह स्पष्ट करा. गुण ८.' हा प्रश्न मी एक वर्षाआड घालतो. पोरं आठपैकी सहा सहज घेतात. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या शर्टांसकट, तो प्रश्न चार दिवस कण्हत होता आणि मी बिलाच्या मागे बाण काढत होतो.

मला येत नव्हतं असं नाही हो. येत होतं. हेच तर कोणाला सांगता येत नाही.

मिस्त्रीनं खालचं छोटं झाकण उघडलं, आमची पुरणपोळीची परात मागून घेतली आणि फिल्टरची फिरकी एकेक आटा सैल करायला लागला. परात भरली की फिरकी घट्ट, मी बादलीत ओतायचं, परात परत लावायची. या कामाला माझी नेमणूक कधी झाली ते मला कळलंच नाही. पाणी निघायला वीस मिनिटं लागली, आणि तेवढ्यात अप्पांनी मुलाखत उरकून घेतली.

"तुमचं शिक्षण काय, मिस्त्री?"

"आयटीआय. औंधला."

"किती वर्षं?"

"दोन. मग एका दुकानात चार वर्षं, मग स्वतःचं."

"आणि प्रोफेसर, तुमचं?"

मी परात ओतत म्हणालो, "बीई, एमई, पीएचडी."

"वर्षांत सांगा."

"चार, दोन आणि सहा." पीएचडीला सात लागली होती. एक वर्ष मी खाल्लं.

अप्पांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "बारा. म्हणजे पांडवांचा वनवास." मग थोडं थांबून, अगदी सहानुभूतीनं, "आणि हा अज्ञातवास म्हणायचा का?"

मिस्त्री हसला नाही. हे मी त्याचं कायम लक्षात ठेवीन.

माझ्यातल्या मास्तराला मात्र राहवेना. मी म्हटलं, अप्पा, असं नसतं. हात आणि डोकं यांचं जुनं नातं आहे. ग्लासगोच्या विद्यापीठात वर्गात दाखवायला न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचं एक छोटं मॉडेल होतं. ते नीट चालेना. दुरुस्तीला लंडनलाही पाठवून झालं होतं. शेवटी १७६३ च्या सुमारास ते विद्यापीठाच्या आवारात उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे आलं. त्याचं नाव जेम्स वॉट. ते चालवून बघता बघता एवढी वाफ वाया का जाते हा प्रश्न त्याला पडला, आणि त्यातून पुढे त्याचं स्वतंत्र कंडेन्सरचं, म्हणजे वाफ वेगळ्या भांड्यात थंड करणारं, इंजिन आलं.

अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तिथेही प्राध्यापकांना जमलं नव्हतं."

मी दुसरा दाखला काढला, घरचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर! मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत यंत्रांची ड्रॉइंग शिकवायचे, आणि भावाबरोबर बेळगावात सायकलींचं दुकानही उभं केलं. शिकवणारा माणूस आणि पाना धरणारा माणूस एकच. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी घेईनात, लोखंडानं जमीन नासेल म्हणून...

"मास्तरकी शेवटपर्यंत केली का त्यांनी?" अप्पांनी नांगर मध्येच थांबवला.

"नाही. सोडली."

"मग!" अप्पा म्हणाले आणि कप खाली ठेवला.

(या माणसानं त्यांच्या पोस्टात माझं एक रजिस्टर पत्र सतरा दिवस ठेवलं होतं. तेव्हा मी त्यांना 'पोस्टात तुम्ही करता तरी काय' असं विचारलं नव्हतं. माझ्यावर संस्कार आहेत.)

पाणी संपलं. मिस्त्रीनं फिल्टर ओढून काढला: दोन रुपयांचं नाणं, बायकोची पिन, केसांचा आणि दोऱ्यांचा उंदराएवढा गोळा. मला हायसं वाटलं, कारण यातलं माझं काही नव्हतं. पण तो अजून आत बघत होता. त्यानं मोबाइलचा टॉर्च अप्पांच्या हातात दिला, लांब चोचीची पक्कड आत घातली, पंपाचा इवलासा पंखा थोडा मागे-पुढे हलवला आणि पात्यात अडकलेलं काहीतरी बाहेर ओढलं. दोऱ्याचं वेटोळं, आणि त्यात दोन तारांचे पाय फाकलेला एक बारीक दाणा.

"हे मशीनचं नाही," मिस्त्री म्हणाला.

तळहातावर घेऊन त्यानं तो आम्हा तिघांसमोर फिरवला. (तिसरी म्हणजे माझी बायको. ती अप्पांच्या खांद्यावरून पाहत होती.) दाण्यावर चार रंगीत पट्टे होते. तपकिरी, काळा, लाल, सोनेरी. आणि माझ्या तोंडून, मी न बोलावता, बावीस वर्षांच्या सवयीनं बाहेर पडलं:

"एक किलोओहम. पाच टक्के टॉलरन्स."

ड्राय बाल्कनीत क्षणभर शांतता होती.

"असेल," मिस्त्री म्हणाला.

"रेझिस्टर आहे, करंटला अडवणारा," मी म्हटलं. "लॅबमधला. शर्टाच्या खिशात राहिला असेल." बायकोनं फक्त "पाच शर्ट" एवढंच म्हटलं.

अप्पांचा चेहरा मात्र पहिल्यांदाच उजळला. "वा! न मोजता किंमत सांगितलीत! हे शिकवता होय?"

त्यानंतर मिस्त्रीनं मशीन परत जोडताना जे सांगितलं ते ऐकून मला हसू येणं बंद झालं. पीसीबी आता प्लॅस्टिकसारख्या रेझिनमध्ये बुडवून येतात. ओल लागू नये म्हणून, हे खरंच आहे. पण आत दहा रुपयांचा कंडेन्सर गेला तरी ते खरवडत बसावं लागतं, नाहीतर अख्खा बदला. काही मशीनचा बाहेरचा टब वेल्ड केलेला असतो, त्यामुळे बेअरिंग आवाज करायला लागलं की काही शेकड्यांच्या बेअरिंगसाठी काही हजारांचा टब. स्क्रू चांदणीच्या तोंडाचे, त्यांचे पाने वेगळे. सर्किटचा नकाशा मागितला तर कंपनी देत नाही. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये वॉशिंग मशीनवर ते किती दुरुस्त होण्याजोगं आहे याचे दहापैकी गुण छापायला लागले. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. मी त्याला पोर्टलबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "नकाशा मिळंल का त्यावर?" मी विषय बदलला.

कारण नकाशा मिळाला तरी वाचणार कोण? तो वाचायला मी शिकवतो, आणि माझी पोरं तो वाचूही शकतील, पण मशीन उघडायला त्यांच्या हातात पाना कधी दिला कोणी? आमच्या लॅबमधली जोडणी लॅब असिस्टंट करतो. तोही आयटीआयचाच. पोरं तीन फूट लांब उभी राहून मीटर बघतात, काही तेही नाही, गेल्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतात. मोटर तीच, १९८० च्या दशकातली, त्यामुळे रीडिंगही बरोबरच येतं. आणि मी सही करतो, कारण शनिवारी टर्म ग्रँट, म्हणजे सत्र पूर्ण केल्याची मंजुरी, द्यायची असते. हे मी चिडून लिहितोय, पण सही माझीच असते.

मशीननं गुळगुळ करत उरलंसुरलं पाणी टाकलं, चार दिवसांनी खटकन दार सोडलं, आणि शर्टांचा वास अप्पांना स्टुलावरून उठवण्यात यशस्वी झाला.

"चारशे झाले," मिस्त्री म्हणाला. मी पाचशेची नोट दिली. त्यानं शंभर परत केले, मी नको म्हणत असताना. पिशवी आवरता आवरता तो जरा घुटमळला.

"सर, एक विचारायचं होतं. पोरगा बारावीला आहे. सीईटी देणार. तुमच्या कॉलेजात इलेक्ट्रिकलला फी किती पडंल?"

"वर्षाला एक लाख दहा हजार."

त्यानं मशीनकडे पाहिलं. ओठ हलले. "पावणेतीनशे पंप," तो म्हणाला.

मी विचारलं, "तुमच्याबरोबर येतो का कधी कामाला?"

"नाय नाय. मी पान्याला हात लावू देत नाही त्याला. हात खराब व्हायला लागले की अभ्यासात लक्ष राहत नाही."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो नाही. अप्पाच बोलले, दारातून, चपला शोधत: "बारा वर्षं लागतात बरं का."

रात्री जेवणं झाल्यावर अप्पा पुन्हा वर आले, पोपड्यांचं राहिलं होतं म्हणून. मी तेव्हा डायनिंग टेबलावर मल्टिमीटर घेऊन बसलो होतो. रेझिस्टर कोमट पाण्यानं धुतला, पुसला, फाकलेले पाय पकडीनं सरळ केले आणि दोन टोकांना तारा लावल्या.

"काय चाललंय?" अप्पांनी विचारलं.

"नऊशे अठ्ठ्याण्णव," मी म्हणालो. "चार दिवस साबणाच्या पाण्यात, पंपात, आणि हजार ओहमच्या जागी नऊशे अठ्ठ्याण्णव. पाच टक्क्यांच्या आत."

अप्पा टेबलाशी वाकले. बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिले.

"म्हणजे हा चालू आहे?"

"चालू आहे."

"मग खिशात ठेवू नका," अप्पा म्हणाले, आणि खुर्ची ओढून पोपड्यांचं सांगायला बसले.