जनावरांवर प्रेम आहे, पण लायसन कुठाय?

आमच्या भाचीची, म्हणजे निपाणीच्या दादाच्या पोरीची, बारावी सायन्स झाली आणि आता ती म्हणतीय आत्या मला पण तुझ्यासारखं अ‍ॅनिमल वेल्फेअर, म्हणजे जनावरांचं कल्याण, शिकायचंय, तिकडंच स्कॉटलंडला येते. घरात दोन पार्ट्या पडल्यात. दादा म्हणतो कुत्र्यामांजरांचं शिकायला एवढं लोन कोण काढतंय, आणि वहिनीचं म्हणणं फॉरेनची डिग्री ती फॉरेनची डिग्री, परत येऊन दवाखाना टाकेल की. दोघांचंही चुकतंय असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहायलेय.

आधी हे शिक्षण म्हणजे काय ते. मी इथं स्कॉटलंडमध्ये डेअरी फार्मवर जाऊन गायी चालताना बघते, पगार त्याचाच. कडक सपाट जमिनीवर गाय सरळ चालवायची, पाठ वाकलीय का, पाऊल आखूड पडतंय का, कुठल्या पायावर भार द्यायला टाळतीय ते बघायचं आणि ० ते ३ मार्क द्यायचे, ३ म्हणजे पार लंगडी, लगेच उपचार. आमचे आजोबा चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत खिलार जोडी घेताना हेच करायचे, चालवून बघितल्याबिगर पैशाचं बोलायचेच नाहीत. फरक एवढाच की ते कागदावर लिहीत नव्हते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसानं तीच गाय बघून तोच मार्क दिला पाहिजे अशी अट त्यांना नव्हती, आणि खरं शिक्षण त्या अटीतच आहे.

इथंही हे काय फार जुनं नाही. १९६५ ला ब्रिटनमध्ये ब्रँबेल कमिटीनं सांगितलं की कोंडलेल्या जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आलं पाहिजे, म्हणजे त्याच्या आधी तेवढंही मिळत नव्हतं. आणि केंब्रिजला या विषयाचा जगातला पहिला प्रोफेसर १९८६ साली नेमला.

आता आपल्याकडची भांडणं बघा. गावाच्या ग्रुपवर बैलगाडा शर्यतीचा विषय निघाला की दोनच बाजू, एक म्हणते परंपरा, दुसरी म्हणते बंदी. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला शर्यती थांबवल्या, मग कर्नाटक आणि महाराष्ट्रानं आपापले कायदे बदलले आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ते कायदे ठीक आहेत म्हणून सांगितलं, त्यामुळं आपल्या सीमाभागातली पोरं आता दोन्हीकडच्या मैदानात गाडा पळवतात. ठीक आहे. पण शर्यतीचा बैल महिन्यातून किती पळतो हो? त्याला दूध, अंडी, काय काय चारतात! ऊसाच्या गाडीच्या बैलाचं कुणी बोलतच नाही. १९६५ चा केंद्राचा नियम आहे की ओढकामाच्या जनावराला दिवसात ९ तासांच्या वर आणि सलग ५ तासांच्या वर जुंपायचं नाही, आणि पारा ३७ डिग्रीच्या वर गेला तर दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही. मार्चमध्ये चिकोडी-अथणी भागात कारखान्याच्या गेटवर लागलेल्या गाड्यांची लाईन बघून सांगा हा नियम कुणाला माहीत आहे. मोडला तरी काय, १९६० च्या क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! कर्नाटकी बेंदराला खांदेमळणी करून हळद-तेल लावतो आपण, ते चांगलंच आहे, पण जूखाली सोललेला खांदा हंगामात रोज कोण बघणार? गाडीवानाला दोष द्यायचा नाहीय मला, तो बिचारा उचलीच्या पैशानं आधीच बांधलेला असतो. गेटवर उभं राहून खांदे आणि पाय बघणारा शिकलेला माणूस पाहिजे, आणि अशी पोस्टच नाही.

आणि इकडं सगळं भारी आहे असंही समजू नका. गाभण डुकरीणीला अरुंद स्टॉलमध्ये ठेवायला १९९९ पासून बंदी, पण विताना तिला वळता न येणाऱ्या पिंजऱ्यात ठेवणं अजून कायदेशीर आहे. डेअरीत झालेला गोऱ्हा नको असतो, वर्षानुवर्षं तो जन्मला की गोळी घालायचे, आता आता कुठं ते बंद करायलेत. आपल्याकडं कर्नाटकात २०२० च्या गोहत्याबंदी कायद्यानंतर गोऱ्हा मारता येत नाही, मग तो रस्त्यावर येऊन प्लास्टिक खातो. इकडं गोळी, तिकडं प्लास्टिक, यातलं कुठलं बरं ते मला इतकी वर्षं इथं काढूनही सांगता येत नाही.

राहिला करिअरचा प्रश्न, त्यात वहिनीला एकच सांगायचंय. वेल्फेअरची डिग्री घेऊन पोरगी डॉक्टर होत नाही. इथं १९६६ चा आणि भारतात १९८४ चा कायदा आहे, रजिस्टर्ड व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, म्हणजे दवाखाना टाकायचं विसरा. इथं कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये, झूमध्ये कामं असतात पण पगार कमी, आणि जुलै २०२५ पासून वर्क व्हिसाला डिग्री लेव्हलचंच काम लागतं, त्यामुळं तसली नोकरी मिळाली तरी व्हिसा मिळत नाही. लोन डोक्यावर घेऊन परत.

दादाला पण सांगते, हा विषय कुत्र्यामांजरांचा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या झूमध्ये थोड्या दिवसांत तीसच्या आसपास काळवीट मेले, घटसर्पानं. ज्या रोगाची लस आपण पावसाआधी म्हशींना टोचून घेतो तोच हा. एखादं जनावर कळपातून बाजूला उभं राहतंय, चारा कमी खातंय, हे रोज बघून लिहून ठेवायचं काम झूमध्ये लागतंय, गोशाळेत लागतंय आणि कारखान्यावर तर लागतंयच.

म्हणून माझं मत, आधी बीव्हीएससी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची डिग्री, कर. साडेपाच वर्षं जातात, इंटर्नशिप धरून. कर्नाटकात सीईटीवरून, बिदरच्या व्हेटर्नरी युनिव्हर्सिटीच्या कॉलेजांत, नाहीतर नीट देऊन महाराष्ट्रात, शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज आपल्याला हायवेनं सरळ पडतं. कर्नाटकात सरकारी नोकरी धरायची तर कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे, त्यावर घरात राजकारण करू नका. मग वेल्फेअरची मास्टर्स करायची असेल तर एडिंबराला १९९० पासून कोर्स आहे, तेव्हा ये, माझ्याकडं रहा, जेवणाचा खर्च माझा. पहिल्या फेरीत नंबर लागला नाही तर लगेच इकडचे फॉर्म भरत बसू नकोस, वर्षभर ड्रॉप घे आणि तोपर्यंत गावातल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मागं मागं हिंड, हात घाण झाल्यावर पण आवडतंय का ते तरी कळेल.